पाण्यातून जाणारी जीप आणि रेडिएटरचा पंखा

मे महिना संपत आला की कोकणातील आणि घाटाखालच्या तालुक्यांतील जीपगाड्या गॅरेजकडे वळू लागतात. कोणाला ब्रेकचे लायनर बदलायचे असतात, कोणाला वायपर आणि ताडपत्री पाहून घ्यायची असते. ज्यांचा रस्ता ओढ्यातून किंवा फरशी पुलावरून जातो, ते आणखी एक काम सांगतात : "पट्ट्यावरचा पंखा काढा आणि करंटवर चालणारा बसवून द्या."

काम वरवर पाहता सोपे वाटते. भंगार बाजारातून एखाद्या मोटारकारचा पंखा आणला, प्लास्टिकच्या पट्ट्यांनी रेडिएटरला बांधला, दोन वायरी बॅटरीला जोडल्या की झाले, असे समजणारे कारागीर बरेच आहेत. अशी गाडी ओढा पार करतेही. परंतु तिची खरी परीक्षा ओढ्यात नसून ओढ्यानंतरच्या चढावर असते. पाण्यात फ्यूज गेलेला असतो, चालकाला त्याचा पत्ता नसतो आणि माणसांनी भरलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये चढत असताना इंजिन तापते. हेड गॅस्केट जाते, प्रसंगी हेडही वाकते. म्हणून हे काम करणाऱ्या गॅरेजचालक बंधूंनी एक गोष्ट आधीच मनाशी ठरवावी. पाण्यात पंखा बंद करणे हे अर्धे काम आहे. बाहेर आल्यावर तो खात्रीने चालू होणे आणि न झाल्यास चालकाला लगेच कळणे हे उरलेले अर्धे काम आहे.

मूळ पंखा पाण्यात काय करतो?

बहुतेक जुन्या डिझेल जीपमध्ये पंखा वॉटर पंपाच्या पुलीवर बसवलेला असतो व इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन चालू आहे तोवर त्याला विश्रांती नाही. समजा पंख्याचा व्यास ४० सेंटिमीटर आहे आणि तो मिनिटाला १२०० फेरे घेत आहे. अशा वेळी पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किलोमीटर होतो. हवेत त्याचे काही वाटत नाही. पाणी मात्र हवेपेक्षा ८०० पटींहून अधिक जड आहे. ताशी ९० किलोमीटर वेगाने पाते पाण्यावर आपटले तर काय होईल, हे कारागिराला सांगण्याची गरज नाही.

हा पंखा रेडिएटरमधून हवा ओढून इंजिनकडे ढकलतो. पाण्यातही तो पाणी मागे ढकलू लागतो आणि बोटीच्या पंख्याप्रमाणे स्वतः पुढे रेटला जातो. पुढे असतो रेडिएटर. पाती पातळ पत्र्याची किंवा प्लास्टिकची असली तर ती पुढे वाकतात व कोअरच्या नळ्यांवर गोल ओरखडा काढतात. वॉटर पंपाच्या शाफ्टवर व बेअरिंगवरही अवाजवी ताण येतो. शिवाय पंख्याने उडवलेले पाणी पट्ट्यावर, अल्टरनेटरवर आणि एअर क्लीनरच्या तोंडापर्यंत जाते. पेट्रोल गाडी असेल तर डिस्ट्रिब्युटर भिजून ती जागीच बंद पडते.

काही गाड्यांत सिलिकॉन तेलाच्या क्लचवर चालणारा, म्हणजे व्हिस्कस पंखा असतो. इंजिन थंड असताना तो सैल फिरतो आणि पाण्याचा अडथळा आला तर काही प्रमाणात घसरतो. त्यामुळे नुकसान कमी होते. पण गरम इंजिनवर क्लच घट्ट झालेला असताना त्याची पातीही वाकू शकतात. केवळ क्लच आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

पंखा बदलणे प्रत्येकाला आवश्यक आहे काय?

नाही, आणि हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे. वर्षातून दोन-तीन वेळा गुडघ्याखालच्या पाण्यातून जाणाऱ्या माणसाला जाड रेक्झिनचा किंवा ताडपत्रीचा तुकडा पुरतो. तो बॉनेटच्या कडेपासून बंपरच्या खालपर्यंत पक्का बांधला आणि गाडी सावकाश, एका वेगाने नेली, तर पाण्याची लाट पुढे व बाजूला सरते आणि पंख्याजवळची पातळी खाली राहते. पाण्याबाहेर येताच तो काढलाच पाहिजे. नाही तर रेडिएटरची हवाच बंद होते.

पूर्वी काही चालक पट्टा सैल करून किंवा काढून पाणी ओलांडत. तथापि ज्या गाडीत त्याच पट्ट्यावर वॉटर पंप व अल्टरनेटर फिरतो, तेथे इंजिनमधील पाण्याचे फिरणेही थांबते. हा उपाय अगदी थोड्या अंतरापुरता आणि नाइलाजाचा समजावा.

ज्याला पावसाळाभर रोज ओढा ओलांडावा लागतो, त्याच्यासाठी विजेचा पंखा योग्य. त्याचा आणखी एक फायदा आहे. पट्ट्यावरचा पंखा इंजिन हळू असले की हळू फिरतो. विजेचा पंखा इंजिनच्या वेगाशी बांधलेला नसल्याने लो गिअरमध्ये सरपटत जातानाही पूर्ण हवा देतो. उलटपक्षी, भरलेली गाडी वेगाने लांब घाट चढत असेल तर मूळ पंखा बहुधा अधिक हवा ओढतो. म्हणून लहान पंखा बसवून भागत नाही.

बसवताना घ्यावयाची मापे

पंख्याला हात लावण्यापूर्वी रेडिएटर तपासावा. कोअरमध्ये क्षार साचले असतील, जाळीत चिखल बसला असेल किंवा कॅप दाब धरत नसेल, तर कोणताही पंखा उपयोगी पडत नाही. कॅपचे महत्त्व अनेकांच्या लक्षात येत नाही. साधे पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांवर उकळते. पण कॅपने एक बारच्या आसपास दाब धरला तर तेच पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. कॅप गळकी असणे म्हणजे हे वीस अंश गमावणे होय.

त्यानंतर रेडिएटर आणि वॉटर पंपाची पुली यांमधील अंतर मोजावे. मूळ पंखा काढल्यावर जी जागा मिळते तीत मोटारीची जाडी बसली पाहिजे आणि त्यापुढे किमान २५ मिलिमीटर मोकळे राहिले पाहिजे. कारण इंजिन रबर माउंटिंगवर असते व खड्ड्यांत ते हलते. मागे जागाच नसेल तर पंखा पुढच्या बाजूने बसवता येतो. परंतु तेथे तो हवेच्या वाटेत उभा राहतो, आणि दगड, चिखल व पाणी यांचा पहिला मारा त्याच्यावरच होतो. शक्यतो मागूनच बसवावा.

पंख्याभोवती पत्र्याचे आवरण, म्हणजे श्राउड, अवश्य करावे. ते नसेल तर पंखा स्वतःच्या गोलापुरतीच हवा ओढतो आणि चारही कोपरे वाया जातात. श्राउड रेडिएटरच्या चौकटीला नटबोल्टने आवळावा. कोअरच्या नळ्यांमधून प्लास्टिकच्या पट्ट्या ओवून पंखा बांधण्याची पद्धत सोडून द्यावी. गाडीच्या कंपनाने त्या पट्ट्या नळ्या घासतात आणि काही महिन्यांत डाख देण्याची पाळी येते.

मोटार घेताना ती पाण्यासाठी बंदिस्त आहे का, हे पाहावे. आयपी ६७ असे चिन्ह असल्यास ती वस्तू एक मीटर पाण्यात अर्धा तास राहू शकते, असा अर्थ होतो. साध्या मोटारकारच्या पंख्याकडून एवढी अपेक्षा धरू नये. गरम मोटार एकदम गार पाण्यात बुडाली की तिच्या आतील हवा आकुंचन पावते आणि सीलमधून पाणी आत खेचले जाते. म्हणून पंखा पाण्याच्या काठावर नव्हे, तर त्याच्या मिनिटभर आधी बंद करणे चांगले.

वायरिंग : कामाचे मर्म

जीपला पुरेल असा १२ व्होल्टचा पंखा सर्वसाधारणपणे १५ ते २५ अँपिअर करंट घेतो आणि सुरू होताना क्षणभर त्याहून बराच जास्त. हा करंट डॅशबोर्डवरच्या बटनातून नेणे म्हणजे बटन जाळणे होय. त्यासाठी ४० अँपिअरची रिले वापरावी. जोडणी अशी :

बॅटरीच्या धन टोकापासून निघणारी वायर आधी फ्यूजमध्ये व तेथून रिलेच्या ३० क्रमांकाच्या टोकाला. पंखा २० अँपिअर घेत असेल तर फ्यूज ३० अँपिअरचा. रिलेच्या ८७ क्रमांकापासून पंख्याला. पंख्याची दुसरी वायर थेट चांगल्या अर्थवर, रंगावर नव्हे. या मुख्य मार्गावर ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वापरावी.

इग्निशनवरून येणारी बारीक वायर दोन बाजूंच्या साध्या टॉगल बटनाच्या मधल्या टोकाला आणावी. बटनाची एक बाजू रिलेच्या ८६ ला जोडावी. ही "ऑटो" बाजू. दुसरी बाजू डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याला जोडावी. ही "बंद" बाजू. म्हणजे चालकाने पंखा बंद केला की लाल दिवा लागतो आणि तो चालू करेपर्यंत डोळ्यांसमोर राहतो. रिलेचे ८५ टोक उष्णतेवर चालणाऱ्या थर्मो स्विचमधून अर्थला न्यावे. या स्विचला समांतर एक जादा बटन द्यावे, म्हणजे थर्मो स्विच बिघडला तरी चालकाला पंखा हाताने चालू करता येईल.

आता सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचा भाग. रिलेच्या ८७ टोकापासून एक बारीक वायर, तिच्या सुरुवातीलाच लहान फ्यूज घालून, डॅशबोर्डवरच्या हिरव्या दिव्याला न्यावी. पंख्याला करंट मिळत असेल तरच हा दिवा लागतो. काटा वर चढतो आहे आणि हिरवा दिवा लागत नाही, तर फ्यूज, रिले किंवा थर्मो स्विचमध्ये दोष. दिवा लागतो पण पंख्याचा आवाज नाही, तर दोष मोटारीत किंवा तिच्या वायरीत. चालकाला एवढे कळले की तो चढावर वेळीच थांबतो आणि इंजिन वाचते.

थर्मो स्विच निवडताना थर्मोस्टॅटवर छापलेला आकडा पाहावा. थर्मोस्टॅट ८२ अंशांवर उघडू लागत असेल, तर पंखा ९२ ते ९५ अंशांच्या दरम्यान सुरू होणे ठीक. दोन्ही आकडे जवळ आले तर पंखा उगाचच चालू राहतो. "गाडी तापते" म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकण्याची सवय काही ठिकाणी आहे. त्याने इंजिन योग्य उष्णतेला पोहोचत नाही, डिझेल जास्त जळते आणि झीज वाढते.

रिले आणि फ्यूज बल्कहेडवर जितके उंच बसवता येतील तितके उंच बसवावेत. रिलेचे तोंड खाली असावे, म्हणजे पाणी साचणार नाही. टोके दाबून बसवलेली असावीत, नुसती पिळून टेप मारलेली नसावीत.

अल्टरनेटरचा हिशोब

पंखा बसवून गाडी दिली आणि आठवड्याने ग्राहक "बॅटरी उतरते" म्हणून परत आला, असे होऊ नये. हिशोब साधा आहे. पावसाच्या रात्री हेडलाइटचे सुमारे १० अँपिअर, वायपरचे ५ आणि पंख्याचे २० धरले तरी ३५ अँपिअर झाले. मागचे दिवे, हॉर्न आणि बॅटरीचे चार्जिंग वेगळेच. अल्टरनेटरवर छापलेली क्षमता इंजिन चांगल्या वेगात असतानाची असते. आयडलवर तो त्याहून बराच कमी करंट देतो. छापील आकडा ४० च्या आसपास असेल तर मोठा अल्टरनेटर आधी, पंखा नंतर. डायनामोवर चालणाऱ्या फार जुन्या गाडीत हे काम घेऊच नये.

नव्या गाड्यांचा प्रश्न निराळा आहे. त्यांत बहुधा पंखा कंपनीनेच विजेचा दिलेला असतो आणि इंजिनचा संगणक तो चालवतो. त्या वायरी कापल्या तर दोषाचा दिवा लागतो आणि वॉरंटीही धोक्यात येते. अशा गाडीला हात लावू नये; कंपनीच्या पुस्तकात दिलेली मर्यादा पाळण्यास सांगावे.

गाडी देण्यापूर्वी चाचणी

पहिली, दिशेची : पंखा चालू करून पुढच्या जाळीवर कागद धरावा. तो चिकटला पाहिजे. कागद उडाला तर मोटारीच्या वायरी उलट्या आहेत. दुसरी, व्होल्टची : इंजिन चालू ठेवून पंखा फिरत असताना बॅटरीवर आणि पंख्याच्या जोडावर मीटर लावावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर वायर बारीक आहे किंवा जोड सैल आहे. तिसरी, फ्यूजची : फ्यूज मुद्दाम काढून गाडी गरम करावी व हिरवा दिवा लागत नाही, हे ग्राहकाला त्याच्या डोळ्यांनी दाखवावे. चौथी, चढावाची : जवळच्या चढावर गाडी भरून न्यावी आणि काटा कोठे थांबतो ते लिहून ठेवावे.

चालकाला काय शिकवावे?

पंखा बंद असताना इंजिन किती वेळ टिकते, असे ग्राहक हमखास विचारतो. अंदाज असा काढता येतो. दहा लिटर पाणी आणि सुमारे दीडशे किलो लोखंड मिळून एक अंश तापण्यास साधारण ११० किलोज्यूल उष्णता लागते. लो गिअरमध्ये सावकाश चालणाऱ्या इंजिनमधून कूलिंगकडे १० किलोवॅट उष्णता येते असे धरले, तर मिनिटाला पाच-साडेपाच अंश वाढ होते. म्हणजे काटा मधोमध असताना दोन मिनिटे निभावतात, दहा मिनिटे नाही. आधीच तापलेली गाडी पाण्यात घालू नये. काठावर थांबून तिला निववावे, मग बटन बंद करून निघावे.

पाण्यात पहिला गिअर, एकच वेग, क्लचवर पाय नाही. बाहेर आल्यावर थोडे थांबून पाणी निथळू द्यावे, मग बटन "ऑटो"वर, लाल दिवा विझला याची खात्री, आणि दोन-तीन वेळा ब्रेक दाबून लायनर कोरडे करावेत. जाळीत पाने अडकली असतील तर तेथेच काढावीत.

इंजिन पाण्यात बंद पडले तर पुन्हा स्टार्टर मारू नये. एका सिलिंडरची क्षमता ५०० मिलिलिटर आणि दाबाचे प्रमाण २२ असेल, तर पिस्टन वर आल्यावर तेथे फक्त सुमारे २४ मिलिलिटर जागा उरते. म्हणजे चहाचे पाच चमचे. एवढे पाणी आत गेले तरी ते दाबले जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून बाहेर काढावी, इंजेक्टर किंवा प्लग काढून मगच इंजिन फिरवावे. अशा नुकसानीची भरपाई साध्या विमा पॉलिसीत सहसा मिळत नाही. इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते. हेही ग्राहकाला सांगून ठेवावे.

पंख्याची मर्यादा

कंपन्यांनी दिलेले आकडे पाहा. २०२० च्या महिंद्रा थारला पाण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर आहे. जुन्या लँड रोव्हर डिफेंडरला ती ५०० मिलिमीटर होती. हे आकडे सावकाश चालवलेल्या गाडीचे आहेत. पुराच्या धारेचे नव्हेत. विजेचा पंखा बसवल्याने एअर क्लीनरचे तोंड उंच होत नाही, की गाडी जड होत नाही.

पुन्हा हिशोब करू. गाडीचा तळ साडेतीन मीटर लांब व दीड मीटर रुंद धरला तर क्षेत्रफळ सव्वापाच चौरस मीटर होते. तळाच्या वर एक फूट पाणी आले आणि ते आत शिरले नाही, तर गाडीला वर उचलणारा जोर दीड टनाहून अधिक होतो. बहुतेक जीपचे वजनही तेवढेच असते. अशा वेळी चाके जमिनीला धरत नाहीत व धार गाडी बाजूला नेते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीच्या पुरात जुना पूल कोसळला आणि एस.टी.च्या दोन बस वाहून गेल्या. पुराच्या पाण्याला वाहनाच्या आकाराची किंवा तयारीची पर्वा नसते. तळ दिसत नाही, धार जोरात आहे किंवा फरशीच्या कडा बुडाल्या आहेत, तर गाडी काठावर थांबवणे हाच एक उपाय.

व्यवसायाच्या दृष्टीने

हे काम हाती घेणाऱ्या होतकरू तरुणांनी दर ठरवताना पंखा, श्राउडचा पत्रा, रिले-फ्यूज-वायर, थर्मो स्विच, दिवे, मजुरी आणि चाचणीचा वेळ अशी बाबवार नोंद करून पावती द्यावी. चाचणीचे पैसे वेगळे दाखवावेत, म्हणजे स्वस्तात पंखा बांधून देणारा आणि आपण यांतला फरक ग्राहकाला कागदावर दिसेल. पावतीच्या मागे चार ओळी लिहाव्यात : लाल दिव्याचा अर्थ, हिरव्या दिव्याचा अर्थ, पंखा किती वेळ बंद ठेवावा आणि कोणत्या पाण्यात जाऊ नये. काढलेला मूळ पंखा व त्याचे बोल्ट ग्राहकाच्या स्वाधीन करावेत. मोटार कधी जळाली तर तोच पुन्हा बसवून गाडी घरी नेता येते.

पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या सुमारास, अशी प्रत्येक गाडी एकदा बोलावून पाहावी. मोटारीचे ब्रश, अर्थचा जोड आणि रिलेची टोके यांवर गंज आला असेल तर तो तेव्हाच दिसतो. या तपासणीला अर्धा तास लागतो. पुढच्या मे महिन्यात तोच ग्राहक आणखी दोन गाड्या घेऊन आपल्या दारात येतो की दुसऱ्याच्या, हे पुष्कळदा त्या अर्ध्या तासावर ठरते.